तिळाभोवतीचं पांढरं कडं

शाळकरी वयातल्या मुलांच्या पाठीवर कधी कधी एखाद्या जुन्या तिळाभोवती पांढरं कडं उमटतं. मधोमध तपकिरी तीळ आणि चंद्राला खळं पडावं तशी त्याच्याभोवती रंग गेलेली त्वचा. आईवडील धास्तावून दवाखान्यात येतात, कारण त्यांच्या मनात एकच शब्द घोळत असतो: कोड. मुलगी असेल तर तिच्या लग्नापर्यंतची काळजी त्यांनी रिक्षातच करून टाकलेली असते. त्वचारोगतज्ज्ञ नीट तपासतात आणि सांगतात की बहुतेक वेळा यात घाबरण्यासारखं काही नसतं. तीळ हळूहळू फिका होईल, बहुधा नाहीसाही होईल, आणि मग कधीतरी त्या जागी रंग परत येईल. बऱ्याच मुलांत तसंच होतं.

असा तीळ काढून त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर वेगळंच दृश्य दिसतं. तिळातल्या रंगपेशींच्या पुंजक्यांमध्ये लहान, गोल, गर्द निळ्या केंद्रकाच्या पेशी दाटीनं शिरलेल्या असतात. पॅथॉलॉजीच्या उमेदवारीत मी अशी पहिली स्लाइड पाहिली तेव्हा रिपोर्टात ‘दाह’ असा एक शब्द लिहून पुढच्या स्लाइडकडे वळले. त्या गर्दीत कोण आहे आणि ते तिथे कशासाठी जमले आहेत, असं विचारण्याची तेव्हा पद्धत नव्हती. आज माहीत आहे की त्यांतल्या बहुतेक टी-पेशी असतात. एक आख्खा तीळ त्या पेशीपेशीनं पुसून टाकत असतात. मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, पाहतानाही गाठीच्या कडेला हीच निळी दाटी अनेकदा दिसते. तिथे मात्र बहुतेक वेळा ती थबकलेली असते. तिळाच्या बाबतीत जे काम पुरं होतं ते कॅन्सरच्या बाबतीत अर्ध्यावर का अडतं? आणि अडलेलं काम पुढे ढकलता येतं का? हे पुस्तक या दोन प्रश्नांचं आहे.

विषयात शिरण्याआधी आपल्या भाषेतल्या एका शब्दाबद्दल बोलायला हवं. आपण ‘प्रतिकारशक्ती’ म्हणतो. शक्ती म्हटलं की ती कमी असते किंवा जास्त असते, आणि कमी असली तर वाढवता येते, असं मन आपोआप धरून चालतं. करोनाच्या काळात काढे, चूर्णं, गोळ्या आणि बिस्किटंसुद्धा याच एका शब्दाच्या बळावर खपली. कॅन्सरच्या पेशंटांचे नातेवाईक आजही सगळ्यात आधी हेच विचारतात, “डॉक्टर, हिची प्रतिकारशक्ती वाढवायला काय देऊ?” विचारण्यामागची माया खरी असते, पण प्रश्न चुकीच्या दाराशी उभा असतो. शरीरात जे चालतं ते ताकदीपेक्षा ओळखीचं काम आहे, आणि ओळख पटल्यावर कुठे थांबायचं, याचं. गेल्या तीसेक वर्षांत त्वचेच्या कॅन्सरवरच्या उपचारांत जी उलथापालथ झाली, ती ताकद वाढवून झाली नाही. थांबा म्हणणारा हात बाजूला सारल्यानं झाली. म्हणून या पुस्तकात शक्यतो ‘प्रतिकार यंत्रणा’ हा शब्द वापरला आहे. तो जरा रुक्ष आहे, पण दिशाभूल करत नाही.

टी-पेशींमधला ‘टी’ थायमसचा. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूला ही मऊ ग्रंथी असते. लहानपणी ती मोठी असते, मग आक्रसत जाते. १९६० पर्यंत तिला काही काम आहे असं कोणी मानत नव्हतं, मरू घातलेल्या पेशींचं ते स्मशान समजलं जाई. १९६१ मध्ये लंडनला काम करणाऱ्या जाक मिलर या तरुण संशोधकानं उंदरांच्या रक्ताच्या कॅन्सरचा अभ्यास करताना नवजात पिल्लांची थायमस काढून टाकली. पिल्लं साध्या जंतुसंसर्गांनी मरू लागली. आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली: या पिल्लांवर दुसऱ्या जातीच्या उंदराची कातडी लावली तर ती गळून पडत नाही, खुशाल रुजते, तिच्यावर केसही उगवतात. स्वतःचं काय आणि परकं काय, हे सांगणारंच कोणी शरीरात उरलं नव्हतं. टी-पेशींच्या विज्ञानाची सुरुवात कातडीच्या एका ठिगळापासून झाली, हे त्वचेच्या कॅन्सरवर लिहिताना मला नेहमी आठवतं.

थायमसमध्ये या पेशींची कडक परीक्षा होते. स्वतःच्या शरीराला जोरात चिकटणाऱ्या पेशी तिथेच मारल्या जातात, कशालाच न चिकटणाऱ्याही मरतात. थोड्या उरतात त्या बाहेर पडतात. प्रत्येकीच्या अंगावर एकाच घडणीचे ग्राहक (रिसेप्टर) असतात. पण त्या दुसऱ्या पेशीच्या आत शिरून पाहू शकत नाहीत. मग त्यांना आतलं कळतं कसं? घरात काय शिजतंय त्याचा घास दारात मांडून ठेवावा, तशी शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे एचएलए नावाच्या खोबणीत बसवून पृष्ठभागावर मांडते. टी-पेशी येता-जाता हे तुकडे चाचपते. हे तुकडा-अधिक-खोबणी असं जोडीनं ओळखणं झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ मध्ये कॅनबेरात दाखवून दिलं. त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं. मारेकरी टी-पेशीला मांडलेला घास परका वाटला की ती त्या पेशीला चिकटते, तिच्या आवरणाला भोकं पाडणारी प्रथिनं सोडते, आणि त्या भोकांतून अशी विकरं आत पाठवते की पेशी स्वतःच मोडून पडते. मग ती सुटी होऊन पुढच्या पेशीकडे जाते. मदतनीस टी-पेशी हे काम चालू ठेवणारे निरोप सोडतात. यांखेरीज नियामक टी-पेशी असतात, त्यांचं काम आवरण्याचं. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्यांची ओळख पटवली, आणि २०२५ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह, याच कामासाठी मिळालं.

आता अडचण अशी की कॅन्सर परका नसतो. तो आपल्याच पेशीपासून वाढलेला असतो. तिच्या दारातले बहुतेक घास घरचेच असतात, आणि घरच्या घासावर तुटून पडणाऱ्या टी-पेशी तर बहुतेक थायमसमध्येच संपलेल्या. मग ओळखायचं कशावरून? जनुकांत झालेल्या बदलांवरून. बदललेल्या जनुकातून बदललेलं प्रथिन बनतं, त्याचा तुकडा दारात येतो, आणि तो थायमसनं कधी पाहिलेला नसतो. इथे त्वचेचे कॅन्सर वेगळे पडतात. वर्षानुवर्षांच्या उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगपेशींच्या आणि वरच्या थरातल्या पेशींच्या डीएनएवर हजारो ओरखडे काढलेले असतात. सगळ्या कॅन्सरांमध्ये सर्वाधिक बदल ज्यांत सापडतात त्यांत उन्हामुळे झालेला मेलानोमा अगदी वर आहे. ज्या इजेनं कॅन्सर घडवला, तीच इजा त्याला उघडंही पाडते. शिवाय हे घडतं कुठे, तर टी-पेशींच्या वस्तीतच. निरोगी प्रौढाच्या त्वचेत सुमारे दोन हजार कोटी टी-पेशी असाव्यात असा अंदाज २००६ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी मांडला. रक्तात फिरणाऱ्या टी-पेशींच्या तो जवळपास दुप्पट भरतो. त्यांतल्या कित्येक तिथेच मुक्काम ठोकून असतात, रक्तात परततच नाहीत.

ही राखण प्रत्यक्षात काम करते याचे पुरावे सुखाचे नाहीत. मूत्रपिंड बदललेल्या पेशंटांना नवं मूत्रपिंड टिकवण्यासाठी टी-पेशींना दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. गोऱ्या लोकांच्या देशांत अशा पेशंटांना त्वचेच्या वरच्या थराचा स्क्वेमस कॅन्सर इतरांच्या कित्येक पटींनी जास्त होतो. आणखी एक प्रकरण २००३ मध्ये स्कॉटलंडमधून प्रसिद्ध झालं. एकाच दात्याची मूत्रपिंडं मिळालेल्या दोघांना मेलानोमा झाला, आणि तो त्यांच्या स्वतःच्या त्वचेतून आलेला नव्हता. दात्याची सोळा वर्षांपूर्वी मेलानोमाची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्याला बरा झालेला मानलं होतं. इतकी वर्षं काही पेशी त्याच्या शरीरात होत्या, मेल्या नव्हत्या आणि वाढतही नव्हत्या. टी-पेशी दाबलेल्या शरीरात गेल्यावर त्या वाढू लागल्या. ‘बरा झाला’ या शब्दांचा अर्थ या प्रकरणानं माझ्यापुरता कायमचा बदलला.

हे सगळं आज सलग सांगता येतं, पण घडलं फार अडखळत. १८९१ मध्ये न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांच्या एका तरुण पेशंट मुलीचा हाडाच्या कॅन्सरनं मृत्यू झाला. हाती काहीच उपाय नव्हता ही गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. जुनी कागदपत्रं चाळताना त्यांना असा एक पेशंट सापडला की ज्याची गाठ, त्वचेला जंतुसंसर्ग होऊन कडक ताप आल्यावर विरून गेली होती. कोलींनी मग पेशंटांना मुद्दाम जंतू टोचले, पुढे मारलेल्या जंतूंचं मिश्रण टोचायला सुरुवात केली. काही गाठी खरोखर विरघळल्या. पण कोणाच्या विरतील आणि का, हे त्यांना सांगता येईना, आणि त्याच सुमाराला किरणोपचार आले. ते मोजता येत होते, पुन्हा करता येत होते. कोलींची पद्धत मागे पडली. १९०९ मध्ये पॉल एर्लिख यांनी अंदाज बांधला की शरीर आतल्या आत कितीतरी कॅन्सर मोडून काढत असावं. पन्नाशीच्या दशकात मॅकफर्लेन बर्नेट आणि लुईस थॉमस यांनी या पहाऱ्याच्या कल्पनेला नीट रूप दिलं.

मग १९७४ मध्ये ओसियस स्टटमन यांनी थायमस नसलेल्या, केस नसलेल्या उंदरांवर कॅन्सर घडवणारं रसायन वापरून पाहिलं. त्यांना इतर उंदरांपेक्षा जास्त कॅन्सर झाले नाहीत. पहारा वगैरे काही नाही, असा निष्कर्ष निघाला आणि पाव शतक बहुतेकांनी तो मानला. त्या उंदरांत थोड्या टी-पेशी आणि दुसऱ्या मारेकरी पेशी शिल्लक असतात, हे नंतर उमगलं. २००१ मध्ये सेंट लुईसच्या रॉबर्ट श्रायबर यांच्या गटानं लसिकापेशी खरोखरच नसलेले उंदीर वापरले आणि कौल उलटला. त्यांनी पुढे मांडलेलं चित्र आज सर्वमान्य आहे: आधी निर्मूलन, मग दीर्घ समतोल, आणि अखेर सुटका. ते स्कॉटलंडचं मूत्रपिंड समतोलातलं होतं. डॉक्टरांकडे येणारी गाठ ही सुटका मिळवलेली गाठ असते. ती टी-पेशींच्या नजरेखालूनच वाढलेली असते, त्यांना चुकवायला शिकलेली असते. स्टटमन यांना मात्र दोष देऊ नये. त्यांनी प्रामाणिक प्रयोग केला आणि हाती होते ते उत्तम उंदीर वापरले.

या अविश्वासाच्या काळातही तीन वाटा चालू राहिल्या, आणि त्या एकमेकींकडे फारशा पाहत नव्हत्या.

पहिली वाट शत्रूची खूण शोधणाऱ्यांची. ब्रसेल्समध्ये थिएरी बून यांच्या गटानं १९९१ मध्ये मेलानोमाच्या पेशीवरची अशी पहिली खूण शोधली की जी पेशंटच्याच टी-पेशी ओळखतात. त्यानंतर खुणा भराभर सापडल्या, आणि त्यांत एक नवल होतं. कित्येक खुणा कॅन्सरच्या नव्हत्याच, रंग बनवणाऱ्या साध्या प्रथिनांच्या होत्या, म्हणजे निरोगी रंगपेशीतही असणाऱ्या. या खुणा घेऊन लसी बनल्या. रक्तात टी-पेशी वाढलेल्या दिसल्या, पण गाठी क्वचितच हलल्या. पुष्कळ वर्षं, पुष्कळ पैसा आणि पुष्कळ आशा या वाटेवर खर्ची पडली.

दुसरी वाट बेथेस्डाच्या स्टीव्हन रोझेनबर्ग यांची. टी-पेशी वाढवणारा इंटरल्यूकिन-२ हा निरोप त्यांनी प्रचंड मात्रेत द्यायला सुरुवात केली. आधीच्या कित्येक पेशंटांत काही साधलं नव्हतं, मग १९८४ मध्ये मेलानोमा पसरलेल्या एका स्त्रीच्या गाठी नाहीशा झाल्या. पुढे २७० पेशंटांच्या एकत्रित निकालात १६ टक्क्यांच्या गाठी आकसल्या आणि ६ टक्क्यांच्या पूर्ण गेल्या. आकडा लहान आहे, पण त्या ६ टक्क्यांतले बहुतेक वर्षानुवर्षं बरे राहिले. केमोत असं जवळजवळ कधी घडत नव्हतं. १९८८ पासून रोझेनबर्ग यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीतूनच टी-पेशी वेगळ्या काढून, प्रयोगशाळेत वाढवून, पेशंटला परत द्यायला सुरुवात केली. त्या स्लाइडवरच्या थबकलेल्या निळ्या पेशी त्यांनी उचलून घेतल्या, बाहेर पोसल्या आणि पुन्हा कामाला लावल्या. मी जन्मभर ज्यांना नुसतं पाहत आले त्यांच्यावर एवढा भरवसा ठेवणारा माणूस म्हणून मला त्यांच्याबद्दल विशेष ओढ आहे, हे वाचकाला पुस्तकात जाणवेलच.

तिसरी वाट कॅन्सरकडे जातच नव्हती. टी-पेशीला चालू करायला ओळखीखेरीज एक दुसरा इशारा लागतो, हे ऐंशीच्या दशकात कळलं होतं. त्या इशाऱ्यासारखंच दिसणारं सीटीएलए-४ नावाचं प्रथिन १९८७ मध्ये सापडलं होतं. अनेकांना वाटलं, हाही चालू करणारा इशारा असणार. बर्कलीचे जेम्स अॅलिसन आणि आणखी एक गट वेगळ्या निष्कर्षाला आले: हा ब्रेक आहे. १९९५ मध्ये हे प्रथिनच नसलेले उंदीर तयार झाले. ते तीन-चार आठवड्यांत मेले, कारण त्यांच्या टी-पेशी त्यांच्याच अवयवांत बेसुमार शिरल्या होत्या. ब्रेक किती गरजेचा आहे याचा याहून स्पष्ट पुरावा नको. अॅलिसन यांनी मात्र उलटा विचार केला: गाठ असलेल्या उंदरात तोच ब्रेक अँटिबॉडीनं थोडा वेळ झाकला तर? १९९४ च्या अखेरीस केलेल्या पहिल्या प्रयोगाचा निकाल इतका चांगला होता की त्यांनी नाताळच्या सुट्टीतच तो पुन्हा करून पाहिला. गाठी विरल्या. १९९६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याआधी, १९९२ मध्ये, क्योटोत तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत पेशींच्या मृत्यूला कारण होणारं जनुक शोधताना पीडी-१ हाती लागलं. नावात मृत्यू असला तरी तोही ब्रेकच निघाला. फरक एवढाच की सीटीएलए-४ टी-पेशीला मुख्यतः लसिकाग्रंथीत, सुरुवातीलाच रोखतं. पीडी-१ तिला गाठीत, ऐन कामाच्या जागी थांबवतं. टी-पेशी जे निरोप सोडते त्यांनाच प्रतिसाद म्हणून गाठ पीडी-१ चा ब्रेक दाबणारं प्रथिन अंगावर चढवते. माझ्या स्लाइडवरच्या त्या पेशी का थबकल्या होत्या, याचं मोठं उत्तर इथे होतं.

अॅलिसन यांच्या अँटिबॉडीवरून बनलेल्या इपिलिमुमॅबची गोष्ट पुस्तकात सविस्तर आहे, कारण तीत एक धडा दडलेला आहे. केमोच्या सवयीनं डॉक्टर काही आठवड्यांनी स्कॅन काढत आणि गाठ वाढलेली दिसली की औषध फसलं असं ठरवत. टी-पेशी गाठीत शिरल्या की गाठ आधी सुजते, कधी नव्या गाठी दिसतात, आणि महिन्यांनी आकसू लागते. याच गटातल्या दुसऱ्या एका औषधाची मोठी चाचणी २००८ मध्ये मधल्याच टप्प्यावर अपयशी ठरवून थांबवण्यात आली. इपिलिमुमॅबच्या चाचणीत मात्र निकष बदलून ‘माणूस किती जगला’ हाच ठेवला गेला. २०१० मध्ये ६७६ पेशंटांचा निकाल आला: निम्मे पेशंट ६.४ महिने जगत होते तिथे १०.१ महिने. फरक थोडा वाटतो. पण त्या आलेखाची रेघ खाली येत येत सुमारे एक पंचमांश पेशंटांपाशी सपाट झाली आणि सपाटच राहिली. पसरलेल्या मेलानोमात आयुष्य वाढवल्याचं यादृच्छिक चाचणीत सिद्ध झालेलं हे पहिलं औषध. २०११ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २०१४ मध्ये पीडी-१ वरची दोन औषधं आली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी आपला मेलानोमा यकृतातून मेंदूत गेल्याचं सांगितलं तेव्हा ते नव्वदीत होते. त्यांना किरणोपचारांबरोबर त्यांतलंच एक औषध मिळालं, डिसेंबरात गाठी दिसेनाशा झाल्या, आणि ते शंभरी पूर्ण करून २०२४ च्या अखेरीस वारले. २०१८ चं नोबेल अॅलिसन आणि होंजो यांना विभागून मिळालं.

दोन्ही ब्रेक एकदम झाकल्यावर काय होतं, याच्या ९४५ पेशंटांच्या चाचणीचे दहा वर्षांचे आकडे २०२४ मध्ये आले: दोन्ही औषधं मिळालेल्यांपैकी ४३ टक्के जिवंत, फक्त पीडी-१ वर ३७, फक्त सीटीएलए-४ वर १९. पंधरा वर्षांपूर्वी या आजारात मी रिपोर्ट लिहिताना मनात महिने मोजत असे.

किंमतही सांगितली पाहिजे. ब्रेक सोडल्यावर टी-पेशी फक्त गाठीवर जातील अशी हमी नसते. आतडं सुजतं, थायरॉइड बंद पडते, मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी कायमची निकामी होते, क्वचित हृदयाच्या स्नायूवर हल्ला होऊन मृत्यू येतो. दोन्ही औषधं एकत्र घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना गंभीर त्रास झाला. आणि काहींच्या अंगावर पांढरे डाग उमटले. टी-पेशी जी प्रथिनं पाहून मेलानोमा ओळखतात, ती निरोगी रंगपेशीतही असतात, म्हणून त्या तिथेही जातात. ज्या पेशंटांना असे डाग पडतात त्यांचा मेलानोमा सरासरीनं अधिक चांगला आटोक्यात राहतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडे ज्या डागांवरून सोयरिकी मोडतात, तेच डाग दिसल्यावर या पेशंटांच्या डॉक्टरांना हायसं वाटतं. कोड हा संसर्ग नाही, पाप नाही, माशावर प्यायलेल्या दुधाचा परिणाम नाही. तो बहुतांशी टी-पेशींनी रंगपेशींची केलेली चुकीची ओळख आहे. त्वचेच्या कॅन्सरवरच्या पुस्तकानं एवढं जरी एका घरात पोचवलं तरी मला समाधान वाटेल.

मेलानोमाखेरीज त्वचेच्या इतर कॅन्सरांबद्दल इथे थोडक्यात. पसरलेल्या स्क्वेमस कॅन्सरला पीडी-१ चं औषध २०१८ मध्ये मिळालं, आणि जवळपास निम्म्या पेशंटांच्या गाठी आकसल्या. मर्केल पेशींच्या दुर्मिळ कॅन्सरमागे बऱ्याचदा एक विषाणू असतो, हे २००८ मध्ये कळलं. विषाणूची प्रथिनं खरोखर परकी, त्यामुळे तिथेही टी-पेशींना खूण मिळते.

आज या क्षेत्रात जे चाललं आहे त्यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी कल्पना शस्त्रक्रियेच्या वेळेबद्दल आहे. गाठ दिसली की आधी काढा, मग औषध द्या, ही शंभर वर्षांची रीत. पण गाठ काढून टाकली तर ब्रेक सुटलेल्या टी-पेशी शिकणार कशावरून? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२३ पेशंटांच्या एका चाचणीत आधी दोन फेऱ्या औषध आणि मग शस्त्रक्रिया असा क्रम लावला. वर्षाअखेर आजार न उलटलेल्यांचं प्रमाण ८३.७ टक्के, जुन्या क्रमानं ५७.२. औषधं जुनीच, पण बदल फक्त क्रमाचा नव्हता: नव्या क्रमात दोन्ही ब्रेक झाकणारी औषधं होती, जुन्या क्रमात फक्त पीडी-१ चं. रोझेनबर्ग यांची वाटही फळाला आली: गाठीतल्या टी-पेशी वाढवून देण्याच्या उपचाराला २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत मान्यता मिळाली, घन गाठींसाठी मान्य झालेला तो पहिला टी-पेशी-उपचार. लसींची वाटही पुन्हा उघडते आहे, या वेळी प्रत्येक पेशंटच्या गाठीतले बदल वाचून त्याच्यापुरती बनवलेल्या एमआरएनए लसींनी. मोठ्या चाचण्यांचे निकाल हाती येईपर्यंत मी आनंद आवरून धरला आहे.

आता कोणी विचारेल, हे सगळं मराठीत कशासाठी? गोऱ्या कातडीचा, ऑस्ट्रेलियाचा, अमेरिकेचा हा आजार. आपल्याकडे मेलानोमा खरंच कमी आहे. पण जो होतो तो बहुधा उन्हापासून दूर, तळपायावर, तळहातावर, नखाखाली होतो. तळव्यावरच्या काळ्या डागाला माणसं कुरूप समजतात, काटा मोडलाय म्हणून बिब्बा घालतात, ब्लेडनं तासतात. नखाखालची काळी रेघ ठेच लागल्याची समजली जाते. आमच्याकडे तुकडा येतो तेव्हा जांघेत गाठी आलेल्या असतात. या प्रकारात उन्हाचे ओरखडे नसल्यानं जनुकांतले बदल कमी असतात, म्हणून टी-पेशींना खुणा कमी मिळतात आणि ही औषधंही तुलनेनं कमी लागू पडतात. ज्या चाचण्यांचे आकडे वर दिले त्यांत असे पेशंट मूठभर होते. आपल्या लोकांच्या मेलानोमाचं शास्त्र अजून लिहिलं जायचं आहे, आणि ते लिहिणाऱ्यांत मराठी मुलंमुली असावीत अशी माझी इच्छा आहे.

त्वचेचा कॅन्सर आपल्या राहणीशी जोडून पाहण्याची परंपरा मुंबईत आहेच. टाटा मेमोरियलचे वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या काचामुळे होणाऱ्या कॅन्सरचं वर्णन शास्त्रीय नियतकालिकात केलं. त्यांच्याच संस्थेतून आलेलं एक अलीकडचं काम मला या विषयात फार मोलाचं वाटतं. ते त्वचेबद्दल नाही, तोंड-घशाच्या कॅन्सरबद्दल आहे. पीडी-१ चं औषध आपल्या बहुसंख्य पेशंटांच्या आवाक्याबाहेरचं. टाटाच्या डॉक्टरांनी नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, कमी मात्रेच्या केमोबरोबर देऊन पाहिलं. १५१ पेशंटांच्या चाचणीत वर्षभर जगणारे १६.३ टक्क्यांवरून ४३.४ वर गेले. ब्रेक झाकायला केवढी अँटिबॉडी लागते, हा प्रश्न श्रीमंत देशांनी नेटानं विचारलाच नव्हता. आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या कामातून घडलेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या कार-टी (म्हणजे जनुकांत बदल केलेल्या टी-पेशींच्या) उपचाराचाही पुस्तकात उल्लेख आहे. तो रक्ताच्या कॅन्सरचा, त्वचेचा नव्हे, पण टी-पेशी हाताळण्याचं कसब त्यातून इथे आलं.

हे पुस्तक डॉक्टरांसाठी नाही. बारावीपर्यंतचं जीवशास्त्र पुसट आठवत असेल तरी पुरे. उपचाराचा सल्ला यात नाही. सल्ला द्यायला समोर माणूस बसलेला हवा. शब्दांबाबत मी सोवळं पाळलेलं नाही: जिथे मराठी शब्द बोलीत रुळला आहे तिथे तो, नाहीतर पेशंट आणि नर्स जो शब्द वापरतात तो. लढाईची भाषा मात्र टाळली आहे. हरले-जिंकले म्हटलं की जे वाचत नाहीत ते कमी लढले असा अर्थ निघतो, आणि तो खरा नाही.

प्रकरणांचा क्रम थायमसपासून औषधांपर्यंत असा चढता आहे. पण ज्यांच्या घरात आज पेशंट आहे त्यांनी शेवटची तीन प्रकरणं आधी वाचावीत. दुष्परिणामांच्या प्रकरणात कोणत्या लक्षणासाठी रात्रीच फोन करायचा आणि कशासाठी सकाळपर्यंत थांबलं तरी चालेल, ते ठळक अक्षरांत दिलं आहे. मिलरचे उंदीर आणि कोलींचे जंतू नंतर सवडीनं वाचले तरी चालतील.